ओमीनच्या आधी

"शुद्धीचे गुण काल नऊ, आज सहा," बुरुल म्हणाली. "मेंढीचं वजन एका रात्रीत असं उतरलं, तर मी मेंढीला नाही, काट्याला लाथ घालते."

डॉक्टर आयझादाने मान वर केली नाही. इस्पितळातल्या खाटेशी बसून तिने बुरुलच्या नवऱ्याचा, एसेनबाय म्हाताऱ्याचा, हात हातात घेतला होता. घोड्यावरून पडल्यापासून त्याने डोळे उघडले नव्हते.

"आक्साकाल, आजोबा, माझा हात दाबा," ती मोठ्याने म्हणाली. "ऐकू येतंय ना? दाबा."

हात तसाच राहिला.

"नाही दाबायचा," बुरुल म्हणाली. "परक्या बाईचा हात धरणारा असता, तर घोड्याच्या आधी मीच त्याला आडवा केला असता."

आयझादाने हात अलगद पांघरुणावर ठेवला. "आपा, काल दुसरे डॉक्टर होते. त्यांनी चिमटा काढला तेव्हा हात हलला. त्यांना वाटलं, समजून हलवला. मला वाटतं, आपोआप हलला. बघणाऱ्यागणिक फरक पडतो. बिश्केकचे मोठे डॉक्टर फोनवर मला एवढंच विचारणार, यांना काही समजतंय का. हो म्हटलं तर गाडी पाठवतील, डोक्यातलं रक्त काढतील. नाही म्हटलं तर..."

"तर घरी न्या."

"हो."

"कधी सांगायचंय?"

"आत्ताच."

बुरुलने फडक्याची गाठ सोडली आणि नान मोडला. "आधी हे खा. उपाशीपोटी कुणाला मढं म्हणू नये."

नानला नाही म्हणता येत नाही. आयझादाने तुकडा तोंडात टाकला.

खाऊन झाल्यावर बुरुलने दोन्ही तळवे छातीसमोर उघडले. जेवणानंतरचा आशीर्वाद घरात म्हाताराच द्यायचा, तोही दोन वाक्यांत. दुसऱ्या कुणी लांबण लावली की मध्येच तोंडावरून हात फिरवून 'ओमीन' म्हणायचा आणि घोड्याकडे चालू लागायचा.

"घरात पीठ राहो," बुरुल म्हणाली. "वाटा मोकळ्या राहोत."

पांघरुणावर म्हाताऱ्याचे हात पालथे होते. ते हळूहळू उताणे झाले.

बुरुलने डॉक्टरणीकडे पाहिलं.

"सवय आहे, आपा," आयझादा हलकेच म्हणाली. "आशीर्वाद कानावर पडला की हात उघडतात. त्याला समज लागत नाही."

"आणि तुझे?"

आयझादाने खाली पाहिलं. तिचेही तळवे उघडे होते. पेन मांडीवर पडलं होतं.

आता ओमीन म्हणायचं, तोंडावरून हात फिरवायचे, की संपलं. बुरुलला ते म्हणवेना. म्हटलं आणि त्याचे हात तसेच पडून राहिले तर?

तिने आशीर्वाद वाढवला. मेंढ्यांना दिला, नातवंडांना दिला, वरच्या कुरणाला दिला. जिच्याशी बोलणं टाकलं होतं त्या शेजारणीला दिला, तिच्या आळशी सुनेलाही दिला. डॉक्टरणीला चांगली सासू मागितली. देण्यासारखं कुणी उरलं नाही, तेव्हा तिने म्हाताऱ्याला पाडणाऱ्या घोड्याला घेतलं.

"त्या काळ्याचे पाय शाबूत राहोत, त्याला हिवाळाभर गवत..."

एसेनबायचा उजवा हात सरकू लागला. छातीवर अडखळला. पुन्हा निघाला. दाढीपर्यंत पोचला आणि हनुवटीवरून खाली घसरला.

आयझादा उभी राहिली. "आपा," ती म्हणाली, "तुम्ही अजून ओमीन म्हटलं नव्हतं."

बुरुलने डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

"बघितलंस ना," ती म्हणाली. "जन्मात एकदा मला बोलायला मिळालं, तेही पुरं करू दिलं नाही मेल्याने."