ग्यानोबा उतरेनात

ग्यानोबा जीपमधून उतरायला तयार नव्हते. वृद्धनिवासाच्या फाटकाशी जीप उभी राहून वीस मिनिटं झाली होती. पुतण्या जगननं अंथरुणाची वळकटी आणि पत्र्याची पेटी ओट्यावर नेऊन ठेवली होती. ग्यानोबांनी मात्र समोरची दांडी घट्ट धरली होती.

"जगन, गाडी वळव."

"काहून आबा? मागच्या आठवड्यात तुमीच बघून गेले. तुमीच व्हय म्हणले."

"तवा म्हणलो. आता न्हाई म्हणतो."

झालं होतं ते एवढंच. वारंगा फाट्यावर चहाला थांबले, तिथं गावचा एक माणूस भेटला. त्यानं सहज विचारलं, "कुठं निघाले आबा?" आणि दहा वर्षं सरपंचकी केलेले ग्यानोबा खोटं बोलले, "नांदेडला. डोळे दाखवायला." चहा तसाच ठेवून ते जीपमध्ये येऊन बसले होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली. दोन्ही लेकी आपापल्या घरी. लेकीच्या घरी कायमचं राहणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. संक्रांतीच्या आधी ते अंगणात पडले आणि अर्धा दिवस तसेच पडून राहिले. तेव्हा निवासात जायचं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

रविवार असल्यानं पाचही विश्वस्त बैठकीला आलेले होते. ते सगळे फाटकाशी आले. वसमतचे हळदीचे व्यापारी सोमेश्वरराव, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर भावसिंग, आणखी दोघं, आणि अध्यक्ष मनकर्णाबाई. बाई बहात्तर वर्षांच्या, कळमनुरीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या. अकरा वर्षांपूर्वी या पाच जणांनी खडकाळ माळावर हे निवास उभं केलं. कुणी मानधन घेत नव्हतं, की आपलं नाव भिंतीवर लावत नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या बाहेरचं शेत दिसावं म्हणून खिडक्यांची उंचीसुद्धा बाईंनी गवंड्याशेजारी उभं राहून ठरवली होती. गावोगावी जाऊन त्या सांगत, हे टाकून दिलेल्यांचं घर नाही, इथं राहण्यात कमीपणा नाही. लोकांना ते पटे. चौतीस माणसं तिथं मानानं राहत होती.

"आबा, शेजारच्या वावरात हळद शिजून राहिली बघा," भावसिंग म्हणाले. "निवासाच्या दोन एकरांतली अजून काढायची हाय. तुमच्यावाणी जाणता माणूस पायजे आमाला."

सोमेश्वररावांनी जेवणाचं सांगितलं, डॉक्टरांच्या फेरीचं सांगितलं. ग्यानोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "समदं बराबर हाय. एक सांगा. अकरा वर्षं झाली म्हणता. तुमा पाच जणांपैकी कोणाच्या घरचं माणूस राहतं हितं?"

ग्यानोबांनी पाचही चेहऱ्यांवरून नजर फिरवली.

"कमीपणा न्हाई म्हणता. मंग तुमच्यातलं कोणीच काहून न्हाई?"

सोमेश्वरराव दुसरीकडे पाहू लागले. भावसिंगांनी मान खाली घातली. मनकर्णाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि जीपच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"आबा, मी कळमनुरीत चार खोल्यांच्या घरात एकटी असते. मुलगा बेंगळुरूला आहे. उद्यापासून मी इथं राहायला येते. सात नंबरच्या खोलीत, उगवतीच्या."

"बाई, भलतंच काय!" सोमेश्वरराव दचकले. "लोक काय म्हणतील? आणि आपल्या घटनेत लिहिलंय, इथं राहणाऱ्याला विश्वस्त होता येत नाही."

"ते कलम मीच लिहिलंय. चुकलंय ते. घटना बदला, नाहीतर मला काढा."

ग्यानोबांनी बाईंकडे निरखून पाहिलं. "उद्या म्हंजे उद्याच?"

"सकाळी दहाला. पुढच्या फाटकानं."

ग्यानोबांची दांडीवरची पकड सुटली. "जगन, काठी दे," ते म्हणाले. खाली उतरून त्यांनी धोतर झटकलं, टोपी सरळ केली. "आन् गावात कोणी इचारलं, तर मी हितं राहतो म्हणून सांग. नांदेडचं सांगू नको."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला कळमनुरीची रिक्षा फाटकाशी थांबली. बाईंनी सकाळी सगळ्या गल्लीला स्वतःच सांगितलं होतं, "निवासात राहायला चालले. भेटायला या." फाटकाशी ग्यानोबा धरून पस्तीस माणसं उभी होती. ग्यानोबा धुतलेला सदरा घालून सगळ्यांच्या पुढे होते. बाई ताठ मानेनं चालत आत आल्या.

पडवीतच बैठक भरली. यापुढं विश्वस्तांपैकी दोघं तरी इथं राहणाऱ्यांतलेच असावेत, असा ठराव भावसिंगांनी मांडला. आजवर कुठल्याच ठरावाला इतक्या झटकन हात वर झाले नव्हते. कलम बदलायचा अर्ज त्याच आठवड्यात द्यायचं ठरलं.

बाईंची बॅग सोमेश्वररावांनी उचलली. सात नंबरच्या खोलीत नेऊन ती खाटेवर ठेवली.

"बाई, एका अनोळखी माणसासाठी तुम्ही केवढा त्याग केला."

"त्याग कसला, सोमेश्वरराव?" बाईंनी खिडकी उघडली. "दिवाळीपासून ही बॅग भरून ठेवलेली आहे. दर रविवारी सांगू म्हणायची आणि बैठक संपली की तशीच परत जायची. इथं राहायला येते म्हणायची लाज मलाच वाटत होती."