साडी एकच होती

मोहनरावांनी माईक हातात घेतला आणि रुमाल डोळ्याला लावला. अजून रडण्यासारखं काही घडलं नव्हतं.

नांदूरघाटच्या शाळेपुढं मंडप घातला होता. धनगरवस्तीवरची सुकन्या फौजदार झाली, तिचा सत्कार होता. अंगावर नवी खाकी, डोक्याला फेटा. शेजारी भामाबाई पदर आवळून बसली होती, खुर्चीच्या अगदी कडेला, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी.

"मंडळी," मोहनराव म्हणाले, "आज मी या लेकीला एक गुपित सांगनार हाय. ही भामाबाई हिची आई न्हाई."

मंडपात कुणी दचकलं नाही. मोहनराव राहायला बीडला, गावात निवडणुकीपुरते. त्यांना वाटलं, धक्क्यानं माणसं गप झाली.

ही सगळी आखणी त्यांच्या बायकोची, छबुबाईंची. त्या रोज संध्याकाळी एक मालिका बघत. तीत पाळलेल्या पोरीला खरी आई भेटते, पोरगी हंबरडा फोडून तिच्या गळ्यात पडते, आणि पाळणारी बाई बोचकं उचलून मागच्या दारानं निघून जाते. असंच काही मंडपात घडावं, असं त्यांनी नवऱ्याच्या डोक्यात भरवलं होतं. ती मालिका भामाबाईनंही पाहिली होती. बोचकं उचलणारी ती बाई चार दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"हिची खरी आई वडवणीला हाय. तिला मी जीप पाठवून आनलंय."

पडद्यामागून हौसाबाई बाहेर आली. छबुबाईंनी मोबाईल दाबला. भोंग्यातून रडकी सनई सुरू झाली.

सुकन्या उठली. "हौसाआई, तू कवा आलीस? जेवलीस का न्हाई?"

"कुठलं ग. सकाळधरनं पडद्यामागं बसिवलंय. हलू नको म्हनले."

मंडप हसला. दरसाल दिवाळी सरली की भामाबाईची मेंढरं वडवणीवरून जात, आणि मुक्काम हौसाबाईच्याच रानात पडे. पोरीला समज आली तेव्हाच भामाबाईनं सांगून टाकलं होतं, तुला जल्म हिनं दिला, मी तुला मागून घेतली.

सनई बंद पडली. "मालिकेत असं नसतंय," छबुबाई पुटपुटल्या.

मोहनराव हटले नाहीत. त्यांनी ताट उचललं. तांदूळ, खण, नारळ, आणि वर हिरवी साडी. "बरं. आता आईची ओटी भरायची. साडी एकच हाय. जी खरी आई, तिनं फुडं यावं."

हसणं थांबलं.

गुपित असं काही नव्हतंच. पण हा प्रश्नही आजवर कुणी विचारला नव्हता, तोही साऱ्या गावापुढं. पोटचं ते पोटचं, हे भामाबाईही मानत होती. सुकन्यानं एक पाऊल टाकलं. भामाबाईनं तिला डोळ्यानंच अडवलं. चारचौघांत पोरीनं एका आईला खाली उतरवावं, हे तिला बघायचं नव्हतं. त्यापेक्षा आपणच स्टेजवरून उतरावं म्हणून ती उठली.

तेवढ्यात हौसाबाई पुढं झाली. तिनं मोहनरावांच्या हातातलं ताट घेतलं.

"बघा मंडळी," मोहनराव म्हणाले, "रक्त शेवटी रक्त."

हौसाबाई वळली आणि भामाबाईसमोर येऊन उभी राहिली.

"पदर पसर."

भामाबाईनं पदर आणखीच आवळला.

"पसर की बये. ताट जड हाय."

"हौसे, मान तुजा हाय."

"माजा कशानं? घोंगडीत बांधून माळामाळानं फिरवली तू. इंचू चावला तवा मांडीवर घेऊन बसली तू. आन ओटी मी घिऊ व्हय? लोक शेन घालतील तोंडात."

भामाबाईनं पदर पसरला. तांदूळ पडले, खण पडला, नारळ आला, साडी आली. कुंकू लावताना हौसाबाईचं बोट जरा जास्तच वेळ टेकून राहिलं. ते फक्त भामाबाईच्या कपाळाला कळलं.

"मी तरी दुसरं काय म्हनत होतो?" मोहनरावांनी टाळ्या सुरू केल्या आणि माईक पुढं केला. "भामाबाई, बोला दोन शब्द."

भामाबाईनं माईक कधी धरला नव्हता. ती समोरच्या माणसांकडं बघत नव्हती. ती त्यांच्या डोक्यांवरून पलीकडं, माळाकडं बघत होती. मेंढरं कुणावर टाकून यायची, म्हणून नवरा सटवा तिथंच राहिला होता.

"अवो सुकीचे बाप," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भोंग्यातून साऱ्या शिवारावर गेला. "ऐकू येतंय का? ओटी माजी भरली."

माळावर एक माणूस उठून उभा राहिला. त्यानं डोक्याचा पटका सोडला आणि हवेत गरगर फिरवला. मेंढरांना तो वळायचा इशारा. सारा कळप माना फिरवून गावाच्या दिशेनं उतरू लागला, आणि मंडपातली माणसं खुर्च्या उचलून त्याला वाट करू लागली.