चार नंबरचं घर

"अण्णा, आत गेल्यावर तुम्ही काही बोलायचं नाही. जे विचारायचं ते मी विचारीन," रिक्षातून उतरता उतरता मनस्विनीनं वडिलांना चौथ्यांदा बजावलं.

व्यंकटरावांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली आणि विचारलं, "आज वार कोणता?"

वार शनिवार होता. सोमवारी मनस्विनीला शेंद्र्याच्या कारखान्यात रुजू व्हायचं होतं. इंदूरचं बिऱ्हाड आवरून झालं होतं, सामानाचा ट्रक निघाला होता, आणि छत्रपती संभाजीनगरात डोकं टेकायला अजून जागा नव्हती. घरं बघून बघून तिचे पाय आणि धीर दोन्ही झिजले होते.

आधीच्या तिन्ही घरमालकांना तिनं खरं ते सांगितलं होतं: अण्णांना विसरायला होतं, आणि नजर चुकली की ते चालत सुटतात. इंदुरात ते दोनदा बसस्टँडवर सापडले होते. तिघांनीही हळहळ व्यक्त केली आणि पुढं कुणी फोन उचलला नाही. म्हणून यावेळी तिनं तोंड शिवून घ्यायचं ठरवलं. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, पण इलाज नव्हता.

सिडकोतली ही सोसायटी जुनी, तीन मजली होती. घरमालकीण सुरेखाताई फोनवर म्हणाल्या होत्या, रंगाचा वास जावा म्हणून चार नंबरचं घर उघडंच ठेवलंय, तुम्ही बघून घ्या, मी पाचपर्यंत पोचते.

फाटकातच एक पंचाहत्तरीच्या बाई उभ्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"घर बघायला आलात ना? चला. मी यमुनाबाई."

सुरेखाताईंच्या सासूबाई असणार, असं मनस्विनीनं धरून टाकलं. फाटकावरचा वॉचमन खुर्चीतून उठला आणि दहा पावलं अंतर ठेवून मागोमाग जिना चढू लागला. "हा आमचा साहेबराव," यमुनाबाई म्हणाल्या. मनस्विनीनं अण्णांचा हात धरला. अण्णांची चाल बघून याला संशय आला की काय?

यमुनाबाईंना घराचा कोपरा न् कोपरा पाठ होता. देवघर कुठं मांडायचं, सकाळचं ऊन कुठवर येतं, सगळं त्यांनी हौसेनं सांगितलं. खिडकीची कडी पावसाळ्यात अडकते, खालून ढकलायची, असं सांगत त्या खिडकीपाशी गेल्या, तर ती सरकत्या काचेची निघाली. "बदललेली दिसती," त्या पुटपुटल्या आणि पुढं गेल्या.

पाण्याचं विचारल्यावर म्हणाल्या, नळ रोज सकाळी सहाला येतो. मनस्विनीला हायसं वाटलं. आधीच्या तिन्ही ठिकाणी तिनं आठ-आठ दिवसांच्या पाण्याची रडकथा ऐकली होती. जिन्यात दारोदारी निळे ड्रम भरून ठेवलेले तिला दिसले होते, पण चांगलं ऐकायला मिळत असताना शंका कोण काढतं?

"आणि भाडं, काकू?"

"तीन हजार. तू घरच्यासारखी वाटायलीस, अडीच दे."

मनस्विनी गारच पडली. दहाच्या खाली तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. एवढ्या स्वस्तात घर देतायत म्हणजे या घरात काहीतरी वंगाळ घडलेलं असणार. बाहेर दाराशी साहेबराव कठड्याला टेकून उभाच होता, आणि त्याची नजर आतच होती.

तेवढ्यात अण्णांनी तोंड उघडलं. "आज वार कोणता?"

"शनिवार असेल," यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचं गाव कोणतं?"

"वैजापूर."

"अगबाई. माझं माहेर देवगाव रंगारीचं."

अण्णांनी पुन्हा वार विचारला. यमुनाबाईंनी पुन्हा तितक्याच शांतपणे उत्तर दिलं, आणि पुन्हा त्यांचं गाव विचारलं. असं तीनदा झालं. त्या अण्णांचं मन राखतायत हे बघून मनस्विनीचे डोळे भरून आले. इतकी वर्षं अण्णांशी न कंटाळता बोलणारं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. घरात काय वंगाळ घडलं असेल ते असो, या बाईच्या शेजारी अण्णांना सोडून नोकरीवर जाता येईल, असं तिच्या मनानं घेतलं. फक्त खरं काय ते कुणाला कळता कामा नये.

"चल, तुला दुकान दाखवते," म्हणत यमुनाबाई जिना उतरल्या. अण्णांशी त्यांची गट्टी जमली होती, दोघं बोलत बोलत पुढं निघाले. फाटकाबाहेर किराणा दुकानातून नूरमोहम्मदभाई बाहेर आले. "काकू, कहाँ निकले?" त्यांनी विचारलं, तिघांना न्याहाळलं आणि कुणाला तरी फोन लावला. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हातातला टॉवेल तसाच धरून थांबली. इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली. सगळी गल्ली अण्णांकडं बघत होती. दिसलंच शेवटी सगळ्यांना. आता सुरेखाताईंच्या कानावर जायला किती वेळ?

अण्णा आणि यमुनाबाई मोठ्या रस्त्याच्या दिशेनं वळले. साहेबरावानं पावलं उचलली.

"ताई, जरा थांबा."

मनस्विनीनं घाईघाईनं सुरुवात केली, "अहो, त्यांना फक्त जरा कमी ऐकू येतं..."

साहेबराव तिच्या बाजूनं पुढं गेला, यमुनाबाईंसमोर उभा राहिला आणि हळूच त्यांचा हात धरला.

"काकू, घर दाखवून झालं नव्हं? चला आता. सूनबाई खालच्या घरात च्या टाकून वाट बघायल्यात. नूरभाईचा फोन गेलाय त्यान्ला."

यमुनाबाई निमूट मागं वळल्या. अण्णाही वळले. साहेबरावानं दुसऱ्या हातानं त्यांचंही मनगट धरलं आणि मनस्विनीजवळ येऊन आवाज खाली केला.

"ते घर सोडून काकूला तीस वर्सं झाली, ताई. हे असं व्हायला लागून पाच. तुमच्या बाबांचं कवापासून हाय?"