सुकी गोदी

लातूरचा नवा जिल्हा झाला, पण दुष्काळानं मांजरा नदी पार आटली. नरसिंग नावाड्यानं वाळूत कलंडलेली नाव सरपणाला विकायला काढली. लाकूडवाला कुऱ्हाड घेऊन आला, तेवढ्यात मुंबईच्या गोदीतून सुट्टीवर आलेला मेहुणा बोलून गेला, "दाजी, आमच्या सुक्या गोदीत जहाज दुरुस्त करायला खालचं पाणीच काढून टाकतेत." नरसिंग चमकला. "मुद्दाम? एवढं पाणी?" "हाव. त्याबिगर जहाजाचं बूड दिसत न्हाई." "मग पुन्हा पाणी आणतेत कुठून?" "दार उघडलं की समुद्र आपसूक आत येतो." नदी आटल्यापासून नरसिंगनं नावेकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. आता तो गुडघे टेकून तिच्याखाली डोकावला. दोनच फळ्या कुजल्या होत्या. "कुऱ्हाड आवरा," तो लाकूडवाल्याला म्हणाला, "नाव दुरुस्तीला हाय." "अन् पाणी कुठंय?" लाकूडवाला हसला. नरसिंगनं आभाळाकडं पाहिलं. "दार उघडू द्या."