निजलेले बिबटे

कॉम्प्युटरच्या पडद्यावर चितळं बिबट्यांच्या नाकासमोरून चरत गेली, तरी एकही बिबट्या उठला नाही. नंदकुमारने डोळे चोळले. सुट्या संपल्या की कॉलेजात त्याने प्रोग्रॅम लिहून उभं केलेलं हे जंगल चालवून दाखवायचं होतं, आणि त्याची जनावरं संपावर गेली होती.

घरातला एकुलता एक कूलर त्याने कॉम्प्युटरकडे वळवला होता. आत त्याची बायको अलका खापरावर मांडे टाकत होती. तिच्या वाट्याला चुलीची धग.

खुर्चीच्या टोकावर तिचा भाऊ कौतिक बसला होता. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बहिणीला माहेरी न्यायला तो दरसाल डोईफोडियाहून यायचा आणि दरसाल एकटाच परतायचा. पाहुणे येणार, मांडे दुसऱ्या कुणाला जमत नाहीत, पुढच्या साली नक्की; नंदकुमारची आई हे इतक्या गोडीने सांगायची की भांडायचीही सोय नव्हती.

"आजारी पडले का हे, दाजी?" कौतिकने पडद्याकडे बोट केलं.

"नाही रे. शिकार मिळाली की गुण, पळणं फुकट गेलं की दंड, असं ठेवलं होतं. दंड जास्त झाला. पडून राहायला शिकले."

"मग काढून टाका ना दंड."

"काढला ना, सकाळीच." नंदकुमार थकून हसला. "पण उठून बघतच नाहीत, तर काढल्याचं कळणार कसं त्यांना?"

बोलता बोलता त्याची नजर स्वयंपाकघराकडे गेली आणि त्याला एकदम कसंसंच झालं. तो उठून दाराशी गेला.

"अलका, यंदा जा तू. आईशी सकाळीच बोललो मी, हो म्हणाली ती. मांडे बाजारातून आणू आम्ही."

अलकाने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"राहू द्या."

"चाल ना ताई," कौतिक मागून म्हणाला. "झोका बांधला. आई कालपासून रस्ता देखून राहिली."

"तिथं येऊन काय करू रे मी आता?"

तिने ताज्या मांड्यांची घडी घातली, धुतल्या फडक्यात बांधली आणि भावाच्या हातात ठेवली.

"आईला दे. गरम करून खा म्हणावं," ती म्हणाली, आणि वळून पुढचा मांडा हातांवर पसरवू लागली.