होसाकाची हजेरी

"हजेरीत तुझं नाव आलं की हा असा घोगरा, आणि माझं आलं की मान खाली घालून हा किनरा." मिझोबेने दोन्ही आवाज काढून दाखवले. होसाका हसला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

"कवायत घेणारा लेफ्टनंट ओळखत नाही?"

"तो म्हातारा? पेन्शनीतून उठवून आणलाय त्याला. दीडशे टोप्या दिसतात, तोंडं नाही दिसत. तू पड गुपचूप."

१९४३चा मे महिना होता. क्योतोच्या विद्यापीठात लष्करी कवायत सक्तीची होती. ती बुडवली तर पदवी नाही. आणि होसाकाला रोज दुपारी ताप चढत होता. आजाराची नोंद केली की क्षयाच्या संशयावरून खोलीही जाईल आणि शिक्षणही, असं मिझोबेनेच त्याला बजावलं होतं. गावी होसाकाची विधवा आई रेशमाच्या गिरणीत राबून त्याला शिकवत होती. मिझोबे त्याच गावचा, शाळेपासूनचा सोबती. दोघं एकाच खोलीत राहत. दोघांची हजेरी एकट्याने लावायची ही शक्कलही त्याचीच.

जूनमध्ये तो होसाकाची थुंकी बाटलीत घेऊन इस्पितळात गेला. "तुझं नाव कुठे येणार नाही, काळजी नको," म्हणाला. चार दिवसांनी त्याने सांगितलं, "काही सापडलं नाही. नुसता अशक्तपणा. रताळी खा."

जुलैत पंचवीस मैलांची कूच झाली, पाठीवर पूर्ण ओझं घेऊन. मिझोबे परतला तो लंगडत. टाचांचे फोड फुटले होते. होसाकाने पाणी तापवून त्याचे पाय धुतले.

"नीट चोळ, लेका. तुझ्या वाटणीचंही चाललोय."

होसाकाने मान वर केली नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

सप्टेंबरअखेर रेडिओवर घोषणा झाली. या दोघांसारख्या साहित्य शिकणाऱ्यांची सैन्यभरतीतून असलेली सूट रद्द. ऑक्टोबरात वैद्यकीय तपासणी, डिसेंबरात छावणी.

"आता खरं सांगून टाकतो," होसाका म्हणाला. "या छातीने गेलो तर हिवाळा काढणार नाही मी."

"सांग ना." मिझोबे वर्तमानपत्राची घडी घालत राहिला. "मग मिलिटरी पोलीस मला न्यायला येतील. खोटी हजेरी, तीही युद्ध चालू असताना! अरे, तिथला डॉक्टर स्वतः छाती तपासणार आहे. त्याला कान नाहीत?"

होसाकाला स्वतःचीच लाज वाटली. ज्याने इतकं केलं, त्याच्याच जिवावर आपण उठलो होतो.

तपासणी गावच्या शाळेत होती. लंगोटावर उभ्या पोरांची रांग भिंतीपर्यंत गेली होती. होसाकाच्या मागे मिझोबे.

डॉक्टरने होसाकाच्या छातीला नळी लावली आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. तेवढ्यात कारकुनाने विद्यापीठातून आलेला कागद पुढे केला. डॉक्टरने तो दोनदा वाचला.

"सहा महिन्यांत एकही गैरहजेरी नाही. पंचवीस मैलांची कूच पूर्ण. आणि आज इथे खोकतोस?"

"साहेब, मी खरंच आजारी..."

"मग कूच कोणी केली? तुझ्या भुताने? नाव सांग."

मिझोबेचा श्वास होसाकाला मानेवर जाणवत होता. एक नाव घेतलं असतं तर जीव वाचला असता. एवढंच करायचं होतं.

"मीच केली, साहेब."

"सर्दी आहे," डॉक्टर कारकुनाला म्हणाला. "पात्र."

शिक्का बसला. कपडे उचलताना होसाकाने वळून पाहिलं. मिझोबे जमिनीकडे बघत होता. घाबरू नकोस, असं होसाकाने त्याला डोळ्यांनीच सांगितलं. पण त्याने वर पाहिलं नाही.

"पुढचा. मिझोबे."

डॉक्टरने त्याचा कागद उघडला आणि खुर्ची हातभर मागे सरकवली. नळीला त्याने हातही लावला नाही.

"जूनपासून थुंकीत क्षयाचे जंतू. मेपासून कवायतीला एकदाही हजर नाही," त्याने वाचलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ झाला. "तू इथवर आलास तरी कशाला, बाळा? जा, घरी जा."