पाण्यातले लोखंड

हौसाबाईंनी पेला हातात घेतला. पण ओठांना लावला नाही. आंबिवलीजवळच्या त्यांच्या गावठाणाच्या कडेला नवे जलशुद्धीकरण केंद्र उभे राहिले होते, आणि त्याच्या आवारात सारे गाव त्यांच्याकडे पाहत थांबले होते. विहिरीने ज्या घराचे माणूस नेले, त्या घराने तिथला पहिला घोट घ्यायचा, मगच इतरांनी. अशी गावाची रीत होती. हौसाबाई प्यायल्या नाहीत, तर घरोघरचे नवे नळ बंदच राहणार होते.

एकेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेने, शालूने, याच जागी असलेल्या विहिरीत उडी घेतली होती. त्या सकाळी त्यांचा मुलगा दगडू तिच्याशी भांडून कामावर गेला होता. संध्याकाळी परतला तो तिला पोहोचवायलाच. त्याने दुसरे लग्न केले नाही. विहीर बुजवली, शेजारी खोल बोअर मारली. तिचे पाणी नितळ येई आणि हंड्यात तासभर राहिले की तांबडे होई. शालू बोलते आहे, असे गाव म्हणाले, आणि टँकरवर जगू लागले. दगडू मात्र रोज सकाळी बोअरचा एक हंडा ओट्यावर ठेवी आणि पाणी तांबडे होईपर्यंत त्याच्यासमोर बसून राही. मग हौसाबाई उठत आणि न बोलता तो हंडा परसात ओतून येत.

"घ्या की काकी," गर्दीतून धाकू म्हणाला. "टँकरमागं धावून माझे गुडघे गेले."

"चाळीस वर्षं धावलास ना? मग घटकाभर उभा राहा. झिजणार नाहीस."

लोक हसले. हौसाबाई हसल्या नाहीत. त्या पालिकेच्या तरुण अभियंत्याकडे, योगिनीकडे वळल्या.

"पोरी, यातलं तांबडं गेलं कुठं? नीट सांग."

योगिनीने सिमेंटच्या पायऱ्यांकडे बोट केले. त्यांवरून बोअरचे पाणी फेसाळत खाली येत होते.

"आजी, ते लोखंड आहे. खोल खडकात हवा नसते, म्हणून पाण्यात विरघळून राहतं, दिसत नाही. वर येऊन हवा लागली की तांबडं होतं. म्हणून आधी या पायऱ्यांवर भरपूर हवा देतो. मग टाकीत गाळ खाली बसतो, उरलेला वाळूत अडकतो. शेवटी जंतूंसाठी क्लोरिन."

"शालूच्या आधीही होतं?"

"गावाच्याही आधी. तुमची विहीर तेवढी खोल नव्हती, बोअर पोहोचली. कोणाच्या मरणाशी त्याचा संबंध नाही, आजी."

गर्दीतून सुटकेचा निःश्वास गेला. कोणी टाळ्याही वाजवल्या. दगडू तेवढा पायऱ्यांच्या कठड्याला धरून उभा होता. त्याचे केस पूर्ण पांढरे झाले होते.

"म्हणजे ती मला काहीच बोलली नाही?" तो हळूच म्हणाला. "एकदासुद्धा? माझ्या भांडणापायी तिनं जीव दिला, आणि ती काहीच बोलली नाही?"

हौसाबाईंनी आपल्या मुलाकडे पाहिले. इतकी वर्षे त्या समजून होत्या की ते तांबडे पाणी आपल्याचसाठी येते. कोणीतरी रोज सांगत आहे, तेव्हा आपण नाही सांगितले तरी चालेल. आता ते सांगणारे कोणी उरले नव्हते. त्यांनी पेला तसाच योगिनीच्या हातात दिला.

"दगडू, इकडे बघ. मान वर कर. तिनं उडी घेतली नव्हती."

दगडूने मान वर केली.

"वैशाख होता. पाणी तळाला गेलेलं. खोबणींत पाय रोवून ती आत उतरली, वाटीवाटीनं कळशी भरली, डोक्यावर घेऊन काठापर्यंत आली. वरच्या बाईनं आधी कळशी घ्यायची, मग हात द्यायचा, ही आपली पद्धत. मी कळशी घेत होते, तोच तिचा पाय सुटला. माझ्या एका हातात कळशी होती, दुसऱ्यात तिचं मनगट."

हौसाबाईंनी आपले दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले.

"मी दोन्ही हातांनी कळशी धरली."